चिमटीतली चरबी

वजन आटोक्यात आहे, चालणं-व्यायाम नेमाने होतोय, रक्ताचे रिपोर्ट चांगले येतात, आणि तरीही कंबरेच्या दोन्ही बाजूंना, ओटीपोटावर, हनुवटीखाली नाहीतर मांडीच्या आतल्या अंगाला चरबीची एक घडी जागची हलत नाही. असं सांगणारी माणसं मला सारखी भेटतात. मीही त्यांच्यातलीच. वजन उतरतं तेव्हा आधी चेहरा उतरतो, गळ्याची हाडं वर येतात, बोटातली अंगठी सैल होते, लोक "बरं नाही का?" म्हणून विचारायला लागतात, कंबरेवरची घडी मात्र आहे तिथेच. मग कुणीतरी सांगतं, "अगं, आता ऑपरेशनबिपरेशन लागत नाही. मशीन लावतात आणि तासाभरात घरी सोडतात." तिथून डोक्यात चक्र सुरू होतं.

असा विचार करणाऱ्या माणसाला दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागतं. एकीकडे, हे सगळे चोचले आहेत, आहे ते शरीर आनंदाने वागवा. दुसरीकडे, विचार कसला करताय, आजच नाव नोंदवा. मला दोन्ही पटत नाही. रोज कपडे घालताना जे डोळ्यांना खुपतं ते बदलावंसं वाटणं यात हलकं काही नाही, आणि त्यासाठी कुणाला सफाई द्यायचीही गरज नाही. पण सुरी लागत नाही, टाके पडत नाहीत, भूल द्यावी लागत नाही, म्हणून हा निर्णय किरकोळ ठरत नाही. इथे शरीरातल्या जिवंत पेशी कायमच्या मारल्या जातात. ज्या गंभीरपणे आपण एखाद्या ऑपरेशनचा विचार करू, त्याच गंभीरपणे याचा करायला हवा, असं माझं ठाम मत झालं आहे. ते कसं झालं ते सांगते.

आधी ही चरबी अशी अडून का बसते, ते समजून घेतलं. चरबीच्या पेशींवर दोन तऱ्हेचे ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे रक्तातल्या रसायनांचा निरोप पकडणाऱ्या जागा, असतात. व्यायाम करताना किंवा उपाशी असताना रक्तात ॲड्रेनालिनसारखी रसायनं वाढतात. बीटा नावाच्या ग्राहकांवर ती जाऊन बसली की पेशी साठवलेली चरबी सोडते. अल्फा-२ नावाच्या ग्राहकांवर बसली की ती सुटणं उलट मंदावतं. स्त्रियांच्या नितंबांवरच्या आणि मांड्यांवरच्या चरबीत या अल्फा-२ ग्राहकांचं प्रमाण जास्त असतं. म्हणजे आपण कमी पडतो म्हणून ती चरबी राहते असं नाही. ती जागाच तशी घडलेली आहे. मांडीवरचा हा साठा बाळ अंगावर पीत असतानाच्या काळात जास्त सहज मोकळा होतो, हेही संशोधकांनी पाहिलं आहे. त्या साठ्याला शरीराच्या हिशेबात काम होतं. पाळी थांबल्यावर हिशेब बदलतो आणि चरबी पोटाकडे सरकू लागते.

एखाद्या जागेचा व्यायाम केला की त्या जागेची चरबी जाते, ही समजूत फार खोल रुजलेली आहे. १९७१ साली टेनिसपटूंच्या हातांची मापं घेऊन ती तपासली गेली. टेनिस खेळणाऱ्याचा एक हात वर्षानुवर्षं राबतो, दुसरा जवळजवळ रिकामा असतो. राबणाऱ्या हाताचे स्नायू अपेक्षेप्रमाणे मोठे निघाले. कातडीखालच्या चरबीची जाडी मात्र दोन्ही हातांत सारखीच होती. २०११ मधल्या एका अभ्यासात काही जणांकडून सहा आठवडे फक्त पोटाचे व्यायाम करून घेतले. पोटाच्या स्नायूंची ताकद वाढली, पोटावरची चरबी हलली नाही. हे वाचून मला बरं वाटलं. शेकड्यांनी क्रंचेस मारून हाती काही न लागलेल्या माणसांनी स्वतःला जो दोष लावून घेतलेला असतो, तो त्यांनी उतरवून ठेवावा.

चरबीच्या पेशींची संख्या हा तर याहून विलक्षण विषय आहे. १९५० च्या दशकात आणि १९६० च्या सुरुवातीला उघड्यावर अणुचाचण्या झाल्या, त्यामुळे हवेतलं कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, वाढलं. अशा चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या १९६३ च्या करारानंतर ते हळूहळू कमी होत गेलं. पेशी जन्मते तेव्हा तिच्या डीएनएमध्ये त्या वेळच्या हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण नोंदलं जातं. स्वीडनमधल्या कारोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या कर्स्टी स्पॉल्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा आधार घेऊन चरबीच्या पेशींचं वय काढलं. २००८ मध्ये त्यांनी मांडलं ते असं: मोठं झाल्यावर माणसातल्या चरबीच्या पेशींची संख्या साधारण कायम राहते. दर वर्षी जवळपास दहा टक्के पेशी मरतात आणि तितक्याच नव्या येतात. वजन उतरतं तेव्हा पेशी आकसतात, कमी होत नाहीत. वजन उतरवण्यासाठीची जठराची शस्त्रक्रिया करून ज्यांनी भरपूर वजन उतरवलं, त्यांच्यातही पेशींची संख्या तितकीच राहिली होती.

मशीनवाल्या उपचारांचं सगळं आकर्षण इथे आहे. आहार-व्यायामाने पेशी रिकामी होते. मशीन पेशीच मारते. त्यामुळे "कायमचा परिणाम" हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण त्याच्या पोटात दोन गोष्टी येतात आणि दुसरी कुणी बोलून दाखवत नाही. गेलेल्या पेशी गेल्या, हे खरं. उरलेल्या पेशी मात्र तिथेच असतात, आणि वजन वाढलं तर त्या फुगायला मोकळ्या असतात. शिवाय जे कायमचं असतं ते चुकलं तरी कायमचंच असतं.

यातला सर्वांत गाजलेला उपचार थंडीचा. क्रायोलिपोलिसिस किंवा बोलीभाषेत फॅट फ्रीझिंग. कूलस्कल्प्टिंग हे त्यातलं सर्वांच्या तोंडी बसलेलं नाव. याचं मूळ एका तान्ह्या बाळाच्या गालात आहे. १९७० मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात नोंद आली: आइसकांडी चोखल्यानंतर बाळाच्या गालात लालसर, घट्ट गाठ आली होती. थंडीने गालातल्या चरबीला सूज आली होती, वरची कातडी मात्र शाबूत होती. चरबी थंडीला कातडीपेक्षा हळवी असते, हे त्यातून दिसलं. थंडीच्या दिवसांत बाटलीतलं तेल थिजतं आणि शेजारच्या भांड्यातलं पाणी पाणीच राहतं, तसंच हे. पुढे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डीटर मॅन्स्टीन आणि रॉक्स अँडरसन यांनी या निरीक्षणावर काम केलं. डुकरांवरचे त्यांचे प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०१० मध्ये एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने, कंबरेच्या बाजूंसाठी या यंत्राला मोकळीक दिली. पुढच्या काही वर्षांत पोट, मांड्या, हनुवटीखालचा भाग असे एकेक भाग त्यात आले.

माझ्या मावसबहिणीने हा उपचार करून घेतला तेव्हा मी तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते, म्हणून तो जवळून पाहिला. डॉक्टरांनी तिला आधी उभं केलं. उभ्या माणसाची चरबी जशी लोंबते तशी आडव्याची दिसत नाही. मार्करने कंबरेवर रेषा काढल्या, घडी चिमटीत धरून पाहिली, आडवं व्हायला सांगितलं. कातडीवर जेलने भिजलेलं गार कापड अंथरलं. त्यावर कपासारखं तोंड असलेलं यंत्र टेकवलं आणि त्याने ती घडी आत ओढून घेतली. ते ओढणं बघायला अस्वस्थ करणारं होतं. पहिली दहाएक मिनिटं ती दात आवळून होती: आधी गार, मग झोंबणारं, मग टोचणारं. नंतर जागा बधिर झाली आणि ती मोबाइल बघत पडून राहिली. यंत्राप्रमाणे आणि भागाप्रमाणे हा वेळ साधारण ३५ मिनिटांपासून तासाभरापर्यंत असतो.

खरं पाहण्यासारखं होतं ते कप काढल्यावर. कंबरेवर एक घट्ट, लालसर, कडा असलेला उंचवटा वर आला होता, कपाच्या आकाराचा, हात लावला तर लाकडासारखा. तो ताबडतोब दाबून, मळून मोकळा करायचा असतो; या दोनेक मिनिटांच्या मालिशने परिणाम वाढतो असं अभ्यासांत दिसलं आहे. तेवढ्यात तिने माझा हात इतका जोरात धरला की माझ्या बोटांवर तिच्या नखांचे वळ उठले. बाहेर पडताना म्हणाली, "ताई, अर्धा तास काही नाही गं, ही शेवटची दोन मिनिटं मात्र कुणी सांगितली नव्हती."

नंतर काही आठवडे तिथली कातडी बधिर होती. चड्डीचं इलॅस्टिक टोचतंय की नाही ते कळत नसे. मध्येच रात्री कळा मारून जात. हे सगळं या उपचारात होतं आणि बहुतेकांचं आपोआप थांबतं, तिचंही थांबलं. आत काय चालू असतं, तर थंडीने दुखावलेल्या पेशी लगेच फुटत नाहीत. त्या ठरवून दिल्यासारख्या हळूहळू मरतात, आणि शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी येऊन त्यांना गिळून टाकतात. त्याला एक ते तीन महिने लागतात. ही चरबी रक्तात उतरून कोलेस्टेरॉल वाढवेल का, यकृताला जड जाईल का, हा प्रश्न मला पडला होता. अभ्यासांत रक्तातल्या चरबीच्या आणि यकृताच्या तपासण्यांमध्ये दखल घ्यावी असा फरक आढळलेला नाही. ते ओझं शरीर सावकाश वाहून नेतं.

तीन महिन्यांनी तिला फरक पडला का? पडला. जीन्सचा कमरपट्टा पूर्वी जिथे रुतायचा तिथे रुतत नाही. "मला कळतंय," ती म्हणते, "पण सांगितल्याशिवाय दुसऱ्या कुणाला कळणार नाही." ती खूश आहे. तिचं हे वाक्य मला कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा नेमकं वाटतं.

कारण आकडे तेच सांगतात. उपचार केलेल्या भागातली चरबीची जाडी साधारण २० ते २५ टक्क्यांनी कमी होते, असं या उपचाराबद्दल सांगतात. पंचवीस टक्के ऐकलं की डोळ्यांसमोर पाव कंबर जाते. पण हिशेब करून बघा. चिमटीत धरलेली घडी तीन सेंटिमीटर जाड असेल, तर ती दुहेरी असते. म्हणजे प्रत्यक्ष थर दीड सेंटिमीटरचा. त्याचे वीस टक्के म्हणजे तीन मिलिमीटर. समजा सगळ्या कंबरेभोवती थर तीन मिलिमीटरने पातळ झाला, तरी घेर जेमतेम दोन सेंटिमीटर उतरेल. आणि यंत्र तर फक्त दोन बाजूंना लावलेलं असतं. हे थोडं आहे की पुष्कळ, ते ज्याचं त्याने ठरवावं. मावसबहिणीला ते पुरेसं वाटलं. पण आकडा आधी हातात हवा, आणि तो टक्क्यांत नको, मिलिमीटरमध्ये हवा. वजनकाट्यावर तर काही दिसतच नाही. हा वजन उतरवण्याचा उपचार नव्हेच.

थंडीऐवजी उष्णता वापरणाऱ्याही पद्धती आहेत. १०६० नॅनोमीटरचा लेझर चरबीचा थर ४२ ते ४७ अंशांपर्यंत तापवतो, पंचवीस मिनिटांचं काम. रेडिओफ्रिक्वेन्सी म्हणजे रेडिओ लहरींची पद्धत, तिचंही तत्त्व तेच. हायफू म्हणजे केंद्रित केलेला अल्ट्रासाउंड, तो आणखी तापवतो आणि दुखतोही जास्त. आणखी एक चुंबकीय लहरींचं यंत्र आहे, २०१८ पासून आलेलं. त्याचा रोख मुख्यतः स्नायूंवर, ते त्यांना स्वतःहून जमणार नाही इतकं जोरात आकसायला लावतं. या सगळ्यांचे फोटो एकमेकांसारखेच दिसतात, म्हणून आपल्याला नेमकं कोणतं सुचवलं जातंय आणि ते का, हे विचारावं. पुष्कळदा उत्तर एवढंच असतं की त्या दवाखान्यात तेच यंत्र आहे.

इंजेक्शनबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. डीऑक्सिकोलिक ॲसिड हे पित्तातलं एक आम्ल, आपल्या आतड्यात चरबी पचवायला मदत करणारं. २०१५ मध्ये एफडीएने त्याच्या इंजेक्शनला मान्यता दिली ती फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी. एका बैठकीत पन्नासपर्यंत बारीक टोचण्या, महिन्याचं अंतर ठेवून जास्तीत जास्त सहा बैठका. सूज इतकी येते की काही दिवस गळा भरल्यासारखा दिसतो. औषध चुकीच्या जागी गेलं तर ओठाचा कोपरा हलवणारी नस दुखावते आणि हसू वाकडं होतं; बहुतेकांत ते काही आठवड्यांनी सुधारतं. हे नीट शिकलेल्या डॉक्टरच्या हातात. पण "फॅट डिझॉल्व्हिंग" म्हणून पोटावर, दंडांवर, मांड्यांवर कसल्याही मिश्रणांची इंजेक्शनं दिली जातात, आणि काही जण तर ती मागवून घरी स्वतःला टोचून घेतात. मान्यता नसलेल्या अशा इंजेक्शनांमुळे जंतुसंसर्ग, गाठी आणि कायमचे व्रण झाल्याचं सांगून एफडीएने लोकांना सावध केलं आहे. कुणी असा विचार करत असेल तर मी हात जोडून सांगेन, करू नका.

आता ज्या गोष्टीमुळे माझं मत बनलं तिच्याकडे येते. थंडीच्या उपचारानंतर क्वचित एखाद्याच्या बाबतीत उलटंच घडतं. चरबी कमी होण्याऐवजी त्या जागी वाढते. साधारण दोन-तीन महिन्यांनी, जेव्हा परिणाम दिसायची वाट पाहत असतो तेव्हाच, तिथे घट्ट, न दुखणारा, हुबेहूब कपाच्या आकाराचा उंचवटा दिसू लागतो. पॅराडॉक्सिकल ॲडिपोज हायपरप्लेझिया हे त्याचं नाव. २०१४ मध्ये याची पहिली नोंद प्रसिद्ध झाली. हे का होतं, याचं पक्कं उत्तर अजून मिळालेलं नाही. व्यायामाने, आहाराने ते जात नाही, वाट पाहूनही जात नाही. लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढण्याचं ऑपरेशन, करावं लागतं, कधी एकाहून जास्त वेळा. पुरुषांत हे तुलनेने जास्त दिसलं आहे. सुरुवातीला हे वीस हजारांत एखाद्याला होतं असं सांगितलं जायचं; पुढे झालेल्या अभ्यासांत प्रमाण त्याहून बरंच जास्त निघालं.

सुपरमॉडेल लिंडा इव्हॅन्जेलिस्टा यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये हे जाहीरपणे सांगितलं, तेव्हा जगाला हा शब्द कळला. काही वर्षं त्या लोकांसमोर येणं टाळत होत्या. दुरुस्तीच्या दोन वेदनादायक शस्त्रक्रिया होऊनही उपयोग झाला नाही, असं त्यांनी लिहिलं. पाच कोटी डॉलरचा दावा त्यांनी लावला आणि २०२२ मध्ये तो तडजोडीने मिटला. ज्या बाईचं सगळं आयुष्य शरीराच्या रेषांवर उभं राहिलं तिने हे उघडपणे बोलून दाखवणं सोपं नव्हतं, आणि त्यामुळे किती जणांना आपल्या अंगावर आलेल्या त्या उंचवट्याचं नाव कळलं असेल, याचा विचार मनात येतो. त्याआधी त्यांना काय सांगितलं जात असेल? बहुतेक हेच, की तुमचं वजन वाढलंय.

मावसबहिणीच्या संमतीपत्रात ही गोष्ट होती. एका ओळीत, इतर पंधरा ओळींच्या मध्ये. सही करायच्या वेळी ती कुणी वाचून दाखवली नाही. तिला काही झालं नाही, होण्याची शक्यताही कमीच होती. पण कमी शक्यता ही ज्याची त्याने तोलायची गोष्ट आहे, आणि तोलायची तर आधी ती कळायला हवी. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर समोर बसवून सगळं सांगतात, नातेवाईक प्रश्न विचारतात, घरात चर्चा होते. इथे मशीन आहे, झोपाळू संगीत आहे, पॅकेजवर सूट आहे, सही हवी आहे. धोका दोन्हीकडे सारखा आहे असं मी म्हणत नाही. लायपोसक्शनमध्ये भूल आहे, जखम आहे, रक्तस्राव आहे. पण सांगण्याची, ऐकण्याची आणि एक रात्र मध्ये जाऊ देण्याची शिस्त दोन्हीकडे सारखी असायला हरकत काय?

काही जणांनी हा थंडीचा उपचार करूच नये. क्रायोग्लोब्युलिनेमिया, कोल्ड ॲग्लुटिनिन यांसारखे थंडीने रक्तात बिघाड होणारे आजार असतील, त्या जागी हर्निया असेल, तर नाही म्हणजे नाही. गरोदरपणी आणि स्तनपानाच्या काळातही नाही. कातडी सैल पडली असेल तर आतली चरबी गेल्यावर ती आणखी लोंबते. आणि आपण ज्याला न हलणारी चरबी म्हणतोय ती तशी नसेलही. लिपेडीमा नावाचा आजार स्त्रियांमध्ये दिसतो: दोन्ही पायांवर सारखी चरबी साठते, पावलं मात्र सडपातळ राहतात, दाबलं की दुखतं, जरा धक्का लागला की काळंनिळं होतं. कितीही डाएट केलं तरी पाय तसेच. अशा बायकांना वर्षानुवर्षं आळशी म्हटलं जातं. त्यांना मशीनची नाही, योग्य निदानाची गरज असते.

आरोग्याच्या नावाने या उपचारांची भलामण केली जाते तेव्हा मला राग येतो. पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृताजवळ जी चरबी असते ती मधुमेह आणि हृदयविकाराशी जास्त जोडलेली आहे, आणि तिथवर हे यंत्र पोचतच नाही. ते फक्त चिमटीत येणाऱ्या चरबीचं आहे. २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला: लठ्ठ असलेल्या पंधरा स्त्रियांच्या पोटावरची पुष्कळ चरबी लायपोसक्शनने काढली, दहा किलोंच्या घरात. काही आठवड्यांनी तपासलं, तर रक्तदाब, साखर, इन्सुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद, कशातही सुधारणा नव्हती. इतकी चरबी काढूनही नाही, तर तीन मिलिमीटरने काय होणार? आतली चरबी चालण्याने, कमी खाण्याने, झोपेने उतरते. जळालेल्या चरबीतली बहुतेक तर श्वासावाटे जाते. दहा किलो चरबी शरीराने पूर्ण वापरली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उच्छ्वासातून बाहेर पडते. ही माहिती मला फार आवडते.

आधीच्या-नंतरच्या फोटोंबद्दल एकच सांगते. पहिल्यात खांदे पडलेले, प्रकाश वरून, चड्डीचा काठ चरबीत रुतलेला. दुसऱ्यात पाठ ताठ, प्रकाश समोरून, चड्डी बदललेली. मी आरशासमोर उभं राहून श्वास सोडून आणि श्वास धरून स्वतःचे फोटो काढून पाहिले. उपचाराइतका फरक तेवढ्यात दिसला. तोच कोन, तोच प्रकाश, तेच कपडे असलेले फोटो दाखवा, असं हक्काने म्हणावं.

आणि एक नाजूक गोष्ट. काही माणसांना त्या घडीशिवाय दुसरं काही दिसत नाही. दिवसातून कितीदा तरी आरसा, सतत चिमटीत धरून बघणं, लोकांत जाणं टाळणं. बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर हा मनोविकार असलेल्यांना असे उपचार केल्यावर सहसा समाधान मिळत नाही. लक्ष दुसऱ्या जागेवर जातं. अशा वेळी थोडं थांबून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला सांगणारा डॉक्टर मला सगळ्यांत विश्वासाचा वाटतो, कारण तो गिऱ्हाईक परत पाठवत असतो.

माझं स्वतःचं म्हणाल, तर मी एका प्लास्टिक सर्जनना दाखवलं. ते लायपोसक्शनही करतात आणि मशीनही वापरतात, म्हणून मुद्दाम त्यांच्याकडे गेले. त्यांनी कंबर बघितली, तिथली घडी उपचाराला योग्य आहे म्हणाले. ओटीपोटासाठी मला उताणं झोपवलं, हात डोक्यामागे घ्यायला लावले आणि फक्त मान उचलायला सांगितली. मग बेंबीच्या जरा वर दोन बोटं टेकवली. ती आत गेली. बाळंतपणानंतर पोटाचे मधले स्नायू एकमेकांपासून दूर झाले होते आणि पुन्हा पुरते जवळ आले नव्हते. जो फुगवटा मी चरबी म्हणून वर्षानुवर्षं धरत होते, त्यातला मोठा भाग चरबी नव्हता. "इथे मशीन लावलं असतं तर पैसे घेतले असते, पोट तसंच राहिलं असतं," ते म्हणाले. त्यांनी फिजिओथेरपिस्टचं नाव दिलं. पोट आत ओढून सावकाश श्वास सोडायचे, बघणाऱ्याला काहीच चाललेलं नाही असं वाटावं इतके हळू व्यायाम आहेत. ते चालू आहेत, आणि बोटं आता पूर्वीइतकी आत जात नाहीत.

कंबरेचं अजून ठरवलेलं नाही. करावंसं वाटतं, हे सांगायला मला संकोच नाही. तीन मिलिमीटर मला चालतील. उलटं झालं तर पुढे काय, हे मी त्यांना विचारलं. ऊती मऊ पडेपर्यंत काही महिने थांबावं लागेल आणि मग लायपोसक्शन, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ते कोण करेल आणि त्याचा खर्च कोण सोसेल, हे मी त्यांच्याकडून लिहून मागितलं आहे. कागद आला की मावसबहिणीला सोबत घेऊन तो वाचायला बसणार आहे.